वहिनींसाठी गव्हाविना फळांचा केक : माझा अनुभव

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, ज्यांना मी वहिनी म्हणते, सिलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान झाले तेव्हा घरातल्या कोणालाच तो शब्द माहीत नव्हता. पोटाची मोठी तक्रार त्यांनी कधी केली नव्हती. रक्तातले लोह कमी, लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नाही आणि जिना चढला की दम लागतो, एवढेच काय ते दुखणे होते. अखेर एका पोटविकारतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घेतली आणि त्यानंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा नमुना काढून तपासला, तेव्हा उलगडा झाला. गहू, जव आणि राय (थंड देशांतले एक धान्य) यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, आणि लोह मुख्यतः शोषले जाते तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच त्यात झिजतो. मग गोळ्यांचा उपयोग होणार तरी कसा? डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून बजावली होती, ती इथे लिहून ठेवते : सर्व तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, कारण तो आधीच सोडला तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

निदानानंतर रोजच्या जेवणाची फारशी अडचण आली नाही. कोल्हापुरात शाळूची भाकरी आणि भात यांवर माणूस सुखाने जगू शकतो. नवल वाटले ते डबीतल्या हिंगाचे, कारण बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि ते डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. आपण कधी वाचत नाही इतकेच. खरी उणीव भासू लागली ती चहाबरोबरच्या गोड पदार्थांची. वहिनींचा मुलगा जर्मनीत शिकतो. निदानाच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या त्याच्याकडे राहून आल्या होत्या आणि तिथे रविवारी दुपारी कॉफीबरोबर घरोघरी खाल्ला जाणारा, खाली मऊ केक, मध्ये ताजी फळे आणि वर लोणी-साखर-पिठाचा खुसखुशीत चुरा असलेला केक त्यांच्या मनात बसला होता. तो आता आपल्याला मिळायचा नाही असे त्या सहज बोलून गेल्या, आणि तो करायचाच असे मी ठरवले.

पाककृतीपेक्षा पिठाचा प्रश्न मोठा होता. राजारामपुरीतल्या मोठ्या दुकानांत ग्लुटेन-फ्री लिहिलेली तयार पिठे मिळतात. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार तसे लिहायचे असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, त्यामुळे त्या पाकिटावर भरवसा ठेवता येतो. पण किंमत पाहता महिन्याकाठी ते परवडणारे नव्हते. दुसरीकडे, तांदूळ आणि शाळू यांत निसर्गतःच ग्लुटेन नसले तरी गिरणीतून दळून आणलेले त्यांचे पीठ वहिनींना चालत नाही, कारण त्याच जात्यातून आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू गेलेला असतो. घरच्या घरघंटीतही आम्ही वर्षानुवर्षे गहूच दळत आलो होतो. तेव्हा आख्खे धान्य आणायचे, निवडायचे, धुवायचे आणि नव्या भांड्यात दळायचे, हाच मार्ग उरला.

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानदारांना मी बंद पोत्यातलाच तांदूळ मागितला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, माल एकच हाय, उघड्यातला काय वाईट न्हाई." मी त्यांना सांगितले, "दादा, मालाचं नाही हो, गव्हाच्या पोत्यातलं माप तांदळात पडतं, त्याचं भ्या वाटतं." त्यांनी क्षणभर विचार केला, आतून नवे पोते आणून माझ्यासमोर उसवले आणि तेव्हापासून न सांगता माझ्यासाठी वेगळे माप ठेवतात. तांदूळ आजऱ्याचा घनसाळ घेतला. तो सुवासिक आहेच, आणि नवा असला की त्याला थोडा चिकटपणा असतो, जो इथे उपयोगी पडतो. काजू आजरा-चंदगडकडचा. शाळू परातीत पसरून मी दाणा दाणा निवडला. मूठभर शाळूत गव्हाचे दोन-तीन दाणे सापडणे ही किरकोळ गोष्ट वाटते, पण आतड्याच्या दृष्टीने ती किरकोळ नाही.

तांदळाची पिठी मात्र मोदकासाठी करतो तशीच केली. तांदूळ स्वच्छ धुऊन, निथळून, सावलीत पंचावर पसरायचा. दाणा वरून कोरडा पण दाताखाली किंचित ओलसर लागेल अशा बेताला मिक्सरच्या कोऱ्या भांड्यात थोडा थोडा दळायचा आणि बारीक चाळणीने दोनदा चाळायचा. ही पिठी चिमटीत धरून बोटे एकमेकांवर घासली तर कण जाणवत नाही, टाल्कम पावडरीचा मऊपणा येतो. बाजारच्या कोरड्या तांदळाच्या पिठाचा केक दाताखाली रेवाळ लागतो, तो दोष या पिठीने बराचसा जातो. शाळू आणि साबुदाणा वेगवेगळे दळले. चाळणी नवी घेतली आणि तिच्या कडीला लाल दोरा बांधून ठेवला, कारण जुन्या चाळणीच्या जाळीत अडकलेला मैदा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

माझ्या सासूबाईंचा सुरुवातीला या सगळ्याला मनातून विरोध होता. "गहू खाऊन का कुणी आजारी पडतंय?" असे त्या म्हणायच्या. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची हकिगत मी त्यांना वाचून दाखवली : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा याच आजाराची मुले इतर हालअपेष्टांतही सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली, हे त्यांनी नोंदवले आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. सासूबाई ऐकून गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः उठून त्यांनी पोळपाट-लाटणे आणि कणकेचा डबा स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला हलवला.

पुढची मोलाची मदतही त्यांचीच. ग्लुटेन म्हणजे पिठाला धरून ठेवणारा चिवटपणा. तो नसला की केक फुगतो खरा, पण कापताना भुगा होतो. ग्लुटेन-फ्री पाककृतींत त्यासाठी झॅन्थन गम सांगितलेला असतो. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारा साधा, चवीविना इसबगोल चालतो, कारण तो पाणी धरतो आणि जेलीसारखा बनून पीठ बांधतो. तो घालूनही घडी हवी तशी बसत नव्हती. मी याचा विचार करत बसले असताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, थोड्या पिठीची उकड काढ की. उकड चांगली झाली तर मोदक फुटतोय व्हय?" हे अगदी बरोबर होते. गरम द्रवात शिजलेला तांदळाचा स्टार्च पाणी शोषून चिकट होतो आणि ते पाणी भाजतानाही सोडत नाही. त्यामुळे केक ओलसर राहतो आणि त्याला बांधणी येते.

आता प्रमाण सांगते; हे २३ सेंटिमीटरच्या, तळ सुटा होणाऱ्या गोल भांड्याचे आहे. केकसाठी १२० ग्रॅम तांदळाची पिठी, ५० ग्रॅम शाळूचे पीठ, ४० ग्रॅम साबुदाण्याचे पीठ, ६० ग्रॅम काजूची पूड, ५ ग्रॅम इसबगोल, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, १२० ग्रॅम लोणी, १३० ग्रॅम साखर, तीन अंडी आणि १२५ मिलिलिटर दूध. बेकिंग पावडरीत कोणता स्टार्च आहे ते डब्यावर वाचून घ्यावे. बहुधा मक्याचा असतो, पण क्वचित गव्हाचाही असू शकतो. पिठीपैकी २५ ग्रॅम थंड दुधात कालवून मंद आचेवर, चमच्याने तळ दिसू लागेपर्यंत घोटायची आणि झाकून कोमट होऊ द्यायची. लोणी-साखर फेसून त्यात एकेक अंडे, मग ही उकड आणि शेवटी चाळलेली कोरडी पिठे घालायची. ग्लुटेन नसल्यामुळे जास्त घोटले तर केक चामट होईल ही भीती इथे नाही. उलट चांगले फेटावे. मिश्रण अर्धा तास तसेच ठेवावे. या अर्ध्या तासात पिठीचा कण पाणी पितो आणि सैलसर दिसणारे मिश्रण चमच्यावर उभे राहण्याइतके दाट होते. हा वेळ वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वरच्या चुऱ्यासाठी पुतण्याने पीठ, लोणी आणि साखर यांचे २:१:१ हे प्रमाण कळवले होते. मी पिठाच्या वाट्याला ८० ग्रॅम पिठी, ४० ग्रॅम शाळू आणि ४० ग्रॅम भरड काजू घेतला, लोणी ८० ग्रॅम, आणि गोडीसाठी ४० ग्रॅम साखर व ४० ग्रॅम आपल्या कोल्हापुरी गुळाची पूड. सगळा गूळ घालण्याचा मोह होतो, पण गुळात ओल जास्त असते, तो लवकर वितळतो आणि चुरा पसरून एकसलग पापुद्रा होतो. निम्मा ठेवला की रंग आणि खरपूस चव दोन्ही मिळतात आणि दाणाही टिकतो. किसलेले जायफळ हवेच. लोणी फ्रिजमधले कडक घ्यायचे, बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचे, मग मुठीत घट्ट दाबून मुटके करायचे आणि ते हाताने ओबडधोबड मोडायचे, म्हणजे काही खडे हरभऱ्याएवढे, काही ज्वारीएवढे होतात. गव्हाच्या पिठाचा चुरा आपोआप गोळा होतो, तांदळाचा होत नाही, म्हणून हे दाबणे गरजेचे. नंतर ताटली वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवायची.

फळांमध्ये मी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि सफरचंद यांची जोडी निवडली. फेब्रुवारीत कपिलतीर्थ मंडईजवळ स्ट्रॉबेरी भरपूर येते. घट्ट, लालबुंद आणि किंचित आंबट पाहून पाव किलो घेतली. नुसती स्ट्रॉबेरी फार पाणी सोडते. सफरचंदाच्या पातळ फोडी खाली लावल्या तर त्या थोडे पाणी पितात आणि केकचा गिचका होत नाही. अर्ध्या चिरलेल्या स्ट्रॉबेरीला साबुदाण्याच्या पिठाचा एक चमचा चोळला आणि त्या चिरलेली बाजू वर करून मांडल्या.

केक भाजायचा ती सकाळ मी मुद्दाम लवकर धरली. कणीक मळताना उडालेले पीठ बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि मग ओट्यावर, भांड्यांवर बसते, म्हणून घरात पहिली चपाती होण्याआधी माझे सगळे काम उरकायला हवे होते. दिवाळीत नानकटाई जशी बेकरीच्या भट्टीवर भाजून आणतो तसा हा केक आणता येत नाही, त्यालाही कारण हेच : बेकरीची हवाच मैद्याची असते. घरच्या ओटीजीची, म्हणजे विजेवरच्या छोट्या भट्टीची, जाळी घासून, भांड्याला कोरा कागद लावून, मिश्रण, फळे आणि गार चुरा या क्रमाने भरले आणि १७० अंश सेल्सिअसवर खालच्या बाजूला ठेवले. गव्हाच्या केकपेक्षा याला आच मंद आणि वेळ जास्त लागतो. चाळीस मिनिटांनी चुरा तांबूस दिसू लागतो आणि झाला असे वाटते, पण फळांखालचा भाग तेव्हा कच्चाच असतो. वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल सैल झाकून आणखी पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात, आणि सुई मध्यभागी, फळ चुकवून, थेट केकमध्ये खुपसून पाहावी लागते.

भांड्यातून लगेच काढू नये. गरम असताना याची बांधणी कच्ची असते. पूर्ण गार झाल्यावरच स्टार्च घट्ट होतो आणि सुरी सरळ जाते. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. वहिनींनी पहिली फोड उचलली, वरचा एक खडा वेगळा काढून तोंडात टाकला आणि विचारले, "यात नक्की काही नाही ना गं?" त्यांच्या प्रश्नातली धास्ती मला समजते, कारण बाहेरच्या प्रत्येक घासाला त्यांना हे विचारावे लागते. मी लाल दोऱ्याची चाळणी आणि नवे भांडे दाखवले. मग त्यांनी दोन फोडी खाल्ल्या, मुलाला फोटो पाठवला आणि तिसरी फोड संध्याकाळच्या चहासाठी झाकून ठेवायला सांगितली. घरातल्या बाकीच्यांनीही तोच केक खाल्ला. वेगळा गव्हाचा केक मी मुद्दाम केला नव्हता.

हा केक दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, मात्र चुऱ्याचा कुरकुरीतपणा कमी होतो. फोड ओटीजीत पाच मिनिटे गरम केली की तो परत येतो. ताजी फळे असल्याने बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नाही. चुरा मात्र फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो, म्हणून मी तो दुप्पट करून वहिनींच्या वेगळ्या डब्यात ठेवते. स्ट्रॉबेरी संपल्यावर घट्ट पेरूच्या बिया काढलेल्या फोडी आणि पावसाळ्याच्या तोंडाला मंडईत येणारे आलूबुखार याच प्रमाणात चांगले लागले. अननस वापरायचा असेल तर तो आधी साखरेत परतून त्याचे पाणी आटवून घ्यावा लागतो.