तुम्ही मग काचेमागे का जाता?

छातीचा फोटो काढायला आलेले पेशंट हा प्रश्न मला हमखास विचारतात. "काही धोका नाही म्हणता आणि स्वतः मात्र काचेमागे जाऊन उभ्या राहता." प्रश्न रास्त आहे. एक्स-रे टेक्निशियन म्हणून मला तो आवडतोही, कारण त्याच्या उत्तरात जवळजवळ सगळं येतं.

तुमचा फोटो एक असतो. माझ्यासमोर दिवसभर रांग असते. किरण तुमच्या शरीरावर आदळले की त्यातले थोडे चहूकडे विखुरतात. दर वेळी मी खोलीत थांबले, तर ते रोज, वर्षानुवर्षं माझ्या अंगावर येत राहतील आणि त्यातून माझा काडीचा फायदा नाही. तुमचा आहे. तुमचं हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, फुप्फुसात न्यूमोनिया आहे की नाही, हे त्या फोटोतून कळतं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट म्हणजे शरीराला मिळालेल्या किरणांचा डोस मोजायचं एकक) मर्यादा सुचवली आहे. पेशंटसाठी अशी मर्यादाच नाही. हे ऐकून लोक दचकतात. पण अपघातात जखमी झालेल्या माणसाला "तुमचा यंदाचा कोटा संपला" असं कोण सांगणार? म्हणूनच फोटो लिहून देणाऱ्या डॉक्टरवर आणि तो काढणाऱ्या माझ्यावर जबाबदारी जास्त येते. फोटोची खरंच गरज हवी आणि काढायचाच तर लागतील तेवढेच किरण वापरायला हवेत.

आता आकडे. छातीच्या एका साध्या फोटोत साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट मिळतात. जमिनीतून, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमधून, अवकाशातून, अगदी खाण्यापिण्यातूनही जगभरात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे छातीचा एक फोटो हा अशा नैसर्गिक किरणांच्या तीनेक दिवसांएवढा. दातांचा छोटा फोटो त्याहूनही कमी, हातापायाचा तर नगण्य. कमरेच्या मणक्यांचा मात्र जास्त, एक मिलिसिव्हर्टच्या आसपास. पोटाचा सीटी स्कॅन साधारण 8 ते 10. म्हणजे छातीच्या फोटोच्या काही शे पट! पण लोक छातीच्या फोटोला घाबरतात आणि सीटी मात्र "एकदा सगळंच बघून टाका" म्हणून मागतात. ही उलटी भीती मला फार अस्वस्थ करते.

आणि हो, किरण अंगात साठून राहत नाहीत. बटण बंद केल्यावर खोलीत दिव्याचा उजेड उरत नाही, तसंच. घरी जाऊन बाळाला जवळ घेऊ का, असं एखादी आई विचारते, तेव्हा मी तिला निःशंकपणे हो म्हणते.

भीतीला इतिहास आहे, हेही खरं. राँटगेनने 1895 साली हे किरण शोधले आणि पहिली काही वर्षं कुणालाच त्यांचा धाक नव्हता. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली एक्स-रेच्या नळ्या स्वतःच्याच हातांवर तपासून पाहायचा. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि 1904 साली तो गेला. तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची, आज सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची चकती असते. जे कमी ताकदीचे किरण फोटोला काहीच उपयोगी न पडता नुसते कातडीत जिरले असते, ते तिथेच अडतात.

हल्ली सगळ्यात जास्त वाद होतो तो शिशाच्या ॲप्रनवरून. "माझ्या मुलाच्या कमरेवर ॲप्रन का नाही टाकला?" पूर्वी आम्ही टाकायचोच. पण 2019 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने पेशंटच्या जननेंद्रियांवर शिसं टाकण्याची सरसकट पद्धत थांबवा, असं सांगितलं. कारणं मला पूर्ण पटतात. शरीराच्या आतच विखुरणारे किरण वरचं शिसं अडवू शकत नाही. तुकडा जरा सरकला तर नेमकं बघायचं हाड झाकलं जातं आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. शिवाय एक्सपोजर, म्हणजे किती किरण सोडायचे ते, आपोआप ठरवणारं मशीन असेल आणि शिसं त्याच्या सेन्सरवर आलं, तर किरण कमी पोचताहेत असं धरून ते डोस वाढवतं. खरं संरक्षण डोळ्यांत न भरणाऱ्या गोष्टीत आहे. किरण कुठे पडणार ते दाखवणारा उजेडाचा चौकोन अंगावर पडतो ना, तो किती लहान ठेवलाय ते बघा. मनगटाच्या फोटोसाठी अख्खा हात उजेडात असेल तर जरूर विचारा. मूल धरायला आत थांबलेल्या नातेवाइकाने मात्र ॲप्रन घालायलाच हवा आणि ती व्यक्ती गरोदर नसावी.

फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फोटो काळाकुट्ट यायचा, चूक लगेच पकडली जायची. डिजिटलमध्ये उलट होतं. डोस कमी पडला तर फोटो दाणेदार दिसतो आणि सगळे कुरकुरतात. जास्त झाला तर फोटो सुरेखच येतो, कुणी बोलत नाही. त्यामुळे हात हळूहळू सैल सुटत जातो. पडद्यावर कोपऱ्यात येणारा एक्सपोजरचा आकडा दर फोटोला वाचणं एवढाच त्यावर इलाज आहे. नव्याने शिकायला आलेल्या मुलामुलींना मी तो मोठ्याने वाचायला लावते.

वाकडा कणा असलेल्या मुलींबद्दल मला विशेष सांगायचंय, कारण त्यांचे फोटो वाढत्या वयात पुन्हापुन्हा निघतात. पूर्वी असे फोटो वारंवार काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्तनाच्या कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. मशीनकडे पाठ करून उभं केलं की तोच कणा दिसतो आणि स्तनांपर्यंत पोचणारा डोस खूप घटतो. खर्च शून्य, फक्त मुलीला वळून उभं करायचं.

गरोदरपणाबद्दल आम्ही विचारतो ते ॲलिस स्ट्यूअर्ट या ब्रिटिश डॉक्टरांमुळे. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे झालेल्या आयांच्या मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं, हे त्यांनी 1956 साली दाखवलं. म्हणून पाळी चुकली असेल तर आधी सांगा, लाजू नका. पण छातीचा किंवा हाताचा गरजेचा फोटो गरोदरपण म्हणून टाळू नका. तिथे गर्भापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

आणि जुने फोटो आणा. नुसता छापील रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्म आणा. फुप्फुसावरचा डाग दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता, हे जुन्या फोटोत दिसलं तर पुढचा सीटी टळू शकतो. "डाग आहे" एवढ्या दोन शब्दांवरून ते कुणालाच ठरवता येत नाही.