फुटबॉलपटूला पैसे किती द्यायचे, हे ठरतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

फुटबॉलपटूंचे करार वाचणं, त्यातली कलमं दुरुस्त करून घेणं आणि क्लबाशी घासाघीस करणं हे माझं वकिलीतलं रोजचं काम. त्यामुळे लग्नकार्यात असो नाहीतर गावाकडे कोल्हापुरात, कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि विचारतं, "हे कोटी-कोटी देतात म्हणे, पण आकडा ठरवतंय कोण? आणि कशावरनं?" अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला तेव्हापासून तर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या प्रत्येक बापाला हा प्रश्न पडलेला आहे.

बहुतेकांचा अंदाज असा, की गोल मोजत असतील. तसं असतं तर बचावपटू उपाशी मेले असते. क्लबांकडे मिनिटं, वय, दुखापती, धावलेलं अंतर, सगळ्याचा हिशोब असतो, पण त्यातून खेळाडू किती चांगला आहे एवढंच कळतं. त्याचा भाव कळत नाही. भाव ठरतो तो एका रोकड्या प्रश्नावर: हा नसला तर काय? क्लब स्वतःला विचारतो, की याच्या जागी कोण मिळेल, कितीला आणि कधी. खेळाडू विचारतो, की इथं जमलं नाही तर दारात दुसरं कोण उभं आहे. ज्याचं उत्तर लंगडं, तो टेबलावर वाकतो.

जवळचं उदाहरण देतो. १० जुलै २०१५ला मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्रीची मूळ किंमत ८० लाख होती, मुंबई सिटीनं त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं. म्हणजे दीडपट. युजीनसन लिंगडोहची मूळ किंमत साडेसत्तावीस लाख, पुणे सिटीनं मोजले १ कोटी ५ लाख. बचावपटू रिनो अँटो साडेसतरा लाखांवरून निघाला आणि कोलकात्याकडे गेला ९० लाखांना, पाचपटीहून जास्त! आता रिनो काही छेत्रीच्या तीन चतुर्थांश नव्हता, हे तो स्वतःही कबूल करेल. पण तेव्हाच्या नियमानं मैदानावर किमान पाच भारतीय लागायचे. गोल करायला परदेशातून माणूस आणता येतो, पण बाजूच्या बचावाला, ज्याला फुलबॅक म्हणतात, भरवशाचा भारतीय हवा आणि तसे त्या दिवशी लिलावात कितीसे होते? पुढे २०१७-१८ला मैदानावरच्या भारतीयांची किमान संख्या सहा झाली, २०२१-२२ला सात. दोन्ही वेळा नियमाच्या एका ओळीनं भारतीय खेळाडूंची बाजू वजनदार झाली. त्यांच्या पायात रातोरात काही नवं आलं नव्हतं.

दुसरं दारच बंद असलं तर काय होतं, ते इंग्लंडनं साठ वर्षं दाखवलं. १९०१ पासून तिथं पगाराला कमाल मर्यादा होती, आणि करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. १९५२मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबानं इंग्लंडमधल्या प्रेस्टन क्लबाच्या टॉम फिनीला सहीचे दहा हजार पौंड, महिन्याला १३० पौंड, राहायला बंगला आणि गाडी देऊ केली. प्रेस्टननं सोडलं नाही. इंग्लंडचा तो नावाजलेला खेळाडू फुटबॉलबरोबर प्लंबिंगचा धंदाही करत राहिला. जानेवारी १९६१मध्ये खेळाडूंची संघटना संपावर जाण्याच्या बेतात आली आणि आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली. फुलहॅमनं जॉनी हेन्सला लगेच १०० पौंड दिले. तोच पाय, तोच पास, भाव पाचपट.

'हा नसला तर काय?' या प्रश्नाचं सगळ्यात महागडं उत्तर बार्सिलोनानं दिलं. ऑगस्ट २०१७मध्ये त्यांचा नेमार २२२ दशलक्ष युरोंना पॅरिसच्या क्लबाकडे गेला. मेस्सीचा करार जून २०१८ला संपत होता. करारातले शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाशी उघड बोलू शकतो, म्हणजे जानेवारी उजाडला की मेस्सी मोकळा. नोव्हेंबरमध्ये सही झाली. 'एल मुंदो' या स्पॅनिश दैनिकानं २०२१मध्ये तो करार छापला. चार हंगामांचे मिळून ५५ कोटी ५० लाख युरोंहून जास्त, त्यातले साडेअकरा कोटी निव्वळ सही करण्याचे आणि पावणेआठ कोटींच्या वर निष्ठेचे, म्हणजे क्लब न सोडल्याचे. सही करण्याचे साडेअकरा कोटी! हे पैसे खेळाचे नव्हतेच. नेमारपाठोपाठ मेस्सीही गेला तर सदस्यांना काय तोंड दाखवायचं, या भीतीचे होते. ऑगस्ट २०२१मध्ये नव्या अध्यक्षांनी, लापोर्तांनी, सांगितलं की मेस्सीला धरलं तर वेतनाचा खर्च उत्पन्नाच्या ११० टक्क्यांवर जातो. ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, खर्चमर्यादेत त्याची नोंदणी बसेना, आणि मेस्सी गेला तो गेलाच.

एकाला दिलेला आकडा एकापुरता राहत नाही, हे क्लबांना कळायला वेळ लागतो. जानेवारी २०१८मध्ये मँचेस्टर युनायटेडनं अलेक्सिस सांचेझला अदलाबदलीत आणलं. रोख हस्तांतरण शुल्क नव्हतं, ती बचत पगारात ओतली. ४५ सामन्यांत त्यानं ५ गोल केले. खरं नुकसान पुढचं होतं. इतर खेळाडूंच्या करारांची वेळ आली तेव्हा प्रत्येक एजंटाकडे बोट दाखवायला सांचेझ होता. म्हणून शहाणे क्लब आधी पगाराची उतरंड ठरवतात आणि मग माणसं शोधतात. माझ्या अनुभवात क्लबचा माणूस "इतकं शक्यच नाही" म्हणतो तेव्हा पैसे नसतात असं नाही. आमच्या पोरापेक्षा कमी घेणारा त्यांचा कर्णधार त्याला आठवत असतो.

एकूण आकड्यावर तसं लवकर जमतं. खरी मारामारी तो फोडायचा कसा यावर. सहीचे किती, दरमहा किती, खेळलेल्या सामन्यागणिक किती, घरभाडं कोणाचं, गुडघा गेला तर शस्त्रक्रियेनंतर पगार चालू की बंद. एका तरुण मध्यरक्षकाच्या करारात क्लबनं लिहिलं होतं, 'प्रति सामना सहभाग रक्कम'. मी विचारलं, सहभाग म्हणजे काय? सुरुवातीच्या अकरांत हवा, की बदली म्हणून नव्वदाव्या मिनिटाला उतरला तरी चालेल? की राखीव बाकावर बसला तरी? क्लबचे व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही शब्द फार धरता." त्या तीन अर्थांमध्ये पोराच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा लटकत होता, धरणार नाही तर काय! शेवटी 'मैदानात उतरल्यास' यावर ठरलं. त्याचे वडील तोवर गप्प होते. उठताना एवढंच म्हणाले, "सायेब, आकडा जरा कमी असू दे, पण तीन वर्षाचं लिहून घ्या." बापाचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं. पोराचा एक गुडघा आधीच एकदा उघडलेला, दुसरं दार त्याला कोण उघडणार होतं?

एजंट हवाच का, हेही विचारता. केव्हिन डी ब्रॉयनानं २०२१मध्ये मँचेस्टर सिटीशी एजंटाशिवाय करार केला. स्वतः विश्लेषक लावले, आपल्यामुळे संघाचं काय होतं याची आकडेवारी मांडून घेतली, सोबत वडील आणि वकील, आणि २०२५पर्यंतची सही घेऊन आला. म्हणजे 'हा नसला तर काय' याचं उत्तर त्यानं क्लबच्या हातात छापून दिलं. तुमचा मुलगा डी ब्रॉयना असेल तर खुशाल असंच करा. नसेल तर एजंट घ्या, पण आधी त्याचा फिफाचा परवाना दाखवायला सांगा. खेळाडूच्या पैशातून कमिशन आणि क्लबकडूनही कमिशन, असं गुपचूप दोन्हीकडून घेणारे महाभाग मी पाहिलेत.

इतकं सगळं सांगितलं तरी २०२५नं या हिशोबात नवीच ओळ घातली. इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता, नवा काही ठरेना. जुलैमध्ये हंगाम अनिश्चित काळ थांबवला आणि ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगारही थांबवले. भक्कम आकड्यावर सही केलेले खेळाडू घरी बसून राहिले. तेव्हापासून माझ्याकडे येणारे खेळाडू रकमेआधी तारीख विचारतात, पगार कितव्या तारखेला, आणि नाही आला तर? फिफाच्या नियमात याची सोय आहे. दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरीही भागवला नाही तर खेळाडू योग्य कारणानं करार मोडू शकतो. नोटीस मात्र लेखीच हवी. व्हॉट्सॲपवर "सर, सॅलरीचं बघा ना" असं पाठवून महिने काढणारे बरेच येतात. त्यांना मी आधी ती नोटीस लिहायला बसवतो, बाकीचं नंतर.