सहा हजार सातशे किलोमीटर

दिल्लीच्या विमानतळावर मी फ्लाइट डिस्पॅचर म्हणून, म्हणजे विमानाचा मार्ग आणि इंधन आखून देण्याचे, काम करत होतो, तेव्हाची ही हकीकत. तारीख २७ फेब्रुवारी २०१९, बुधवार. दुपारच्या लंडनच्या विमानाचा फ्लाइट प्लॅन सकाळीच तयार झाला होता. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान असा नेहमीचा वायव्येचा मार्ग. दुपारी बाराच्या सुमारास नोटॅम, म्हणजे विमान वाहतुकीसाठीची अधिकृत सूचना, आला: पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद. हातातला छापील प्लॅन त्याच क्षणी रद्दी झाला.

दिल्ली ते लंडन हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजले, तर सुमारे ६,७०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते साडेसात तासांत कापले जावे, असे भागाकार सांगतो. परंतु हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, समोरून अडवत असल्यामुळे जाताना नऊ तासांच्या आसपास लागतात आणि परतताना तोच वारा पाठीशी असल्याने वेळ चांगलाच वाचतो. त्या दिवशी मात्र आधी दक्षिणेला गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत उतरायचे, अरबी समुद्र ओलांडून मस्कत गाठायचे आणि तिथून इराण-तुर्कस्तानवरून युरोपात शिरायचे होते. हजाराहून अधिक किलोमीटर वाढले; वेळ जवळपास दीड तासाने.

आमच्या विमानाला तासाला साधारण पाच टन इंधन लागे. म्हणजे सात टन वाढवले की काम झाले, असे नव्या माणसाला वाटते. पण ते सात टन लंडनच्या दिशेने वाहून न्यायलाही इंधनच जळते, म्हणून आणखी सुमारे दोन टन. याशिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि अर्धा तास घिरट्या घालण्याचे राखीव इंधन असतेच, त्याला हात लावता येत नाही. नऊ टनांची जागा कुठून काढायची? उड्डाणाच्या कमाल वजनाची मर्यादा ओलांडली जात होती. अखेर तयार कपड्यांचे काही टन खोके उतरवावे लागले. त्यांचा कंटेनर खाली येत असताना कार्गोचा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती अजून आठवते.

वैमानिकांच्या ड्यूटीचे तास पुन्हा मोजले. कमांडर मूळचे नाशिकचे. प्लॅनवर पेनाने रेघ ओढत त्यांनी विचारले, “मस्कतपुढे वारा किती धरलाय?” मी आकडा दाखवला. “अजून टनभर भरा,” म्हणाले आणि सही केली.

त्याच विमानात माझी मावशी होती, मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेली. गेटवरून तिचा फोन आला. “अंतर काय रात्रीतून वाढलं का रे?” “हो मावशी, दुपारीच वाढलं,” एवढेच मला सुचले.

विमान पावणेतीन तास उशिरा सुटले. रात्री उशिरा तिचा संदेश आला: “पोचले. सूर्य मावळताना खाली समुद्र दिसला. मागच्या वेळी नव्हता.”