घंटा नवाची, काटे सातावर

सांजावच्या (जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाच्या) आदल्या आठवड्यात गोव्यातल्या सासष्टीतल्या एका इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, मनोऱ्यातल्या घड्याळासाठी बोलावणं आलं. सांक्रिस्तांवाचं (इगर्जीची देखभाल करणाऱ्याचं) म्हणणं, "मेस्ता, घांट नवांची, कांटे मात सातांचेर." अशा वेळी बरेच कारागीर वर जाऊन आधी लोलकाखालचा, घड्याळाची गती बदलणारा नट फिरवतात. चांगलं चाललेलं घड्याळ बिघडवायचा तो खात्रीचा उपाय.

घंटा वेळेवर पडते म्हणजे यंत्र वेळेवर आहे. यंत्र खालच्या खोलीत, तबकडी बाहेर उंचावर; मध्ये तासाला एक फेरा घेणारी लोखंडी दांडी. बाहेर न बघता वेळ लावता यावी म्हणून यंत्रावर एक छोटी तबकडी असते. ती मोबाइलशी तंतोतंत जुळली. मग उरली दांडीच.

दांडी दोन तुकड्यांची, सांध्यावर पितळी स्लीव्ह, म्हणजे दोन्ही टोकांवर चढवलेली आखूड नळी. दोन्ही तुकडे आणि स्लीव्ह यांवरून खडूची एकच उभी रेघ मारून बसलो. साडेनऊपर्यंत रेघ सरळ. दहाला वरचा तुकडा 8 मिमी मागे. दांडी 16 मिमीची, म्हणजे घेर साधारण 50. 8 मिमी सरकली की दहा मिनिटं गेली. ती त्याच अर्ध्या तासात का गेली, तर तेव्हा मिनिटकाटा सहावरून बारावर चढतो. त्याच्या शेपटीला तोल धरणारं शिशाचं वजन असतं. इथे बोल्ट गंजून ते गळून पडलं होतं. काटा उतरताना चाकांचं घर्षण त्याला मागे धरतं, म्हणून तेव्हा सांधा सरकत नाही. चढताना वजन आणि घर्षण दोन्ही सांध्यावर येतात.

स्लीव्ह उतरवली. लांबीभर केसाएवढी चीर, नख अडकेल इतकीच. पितळ कुठे वाकलेलं नाही, ताणलेलं नाही, काचेसारखं तडकलेलं. आतल्या अंगाला कोरलेलं होतं: 11-68. अक्षर आजोबांचं.

आमच्या वर्कशॉपात दिवसा खाणींचं खनिज वाहणाऱ्या बार्जचे (सपाट बोटींचे) शाफ्ट आणि संध्याकाळी घड्याळं, असं 2012 त खाणी बंद होईपर्यंत चाललं. शाफ्टावर पोलादी स्लीव्ह तापवून चढवायची, थंड झाली की जन्मभर हलत नाही. आजोबांनी इथेही तेच केलं: 16 च्या दांडीला 15.96 चं भोक. पण ही थंडच ओढून काढलेली पितळी नळी. तिच्या अंगात ताण आधीच कोंडलेला, त्यात दांडीने आतून फाकवलेली. अशा पितळाला दमट हवा आणि थोडा अमोनिया मिळाला की पुरे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात पागेजवळ ठेवली की अशीच तडकायची. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हे 1921 मध्ये नीट मांडलं गेलं. आमच्या मनोऱ्यात घोडे नव्हते, पारवे होते. सांध्याखाली विष्ठेचा वीतभर थर.

चूक आजोबांची म्हणावी, तर त्यांच्या वेळी मनोऱ्याच्या खिडक्यांवरच्या झडपांच्या फळ्या शाबूत असणार. फळ्या सुटून पारवे आत आले ते नंतर. फेस्ताला (वार्षिक सणाला) इगर्जीला बाहेरून रंग दर वर्षी लागतो. झडपेची फळी बाहेरून दिसत नाही. तरी नळी ओढून आणल्यावर तासभर 250 ते 300 अंशांवर तापवून ताण काढला असता, तर निम्मा धोका तिथेच संपला असता. वर्कशॉपात भट्टी होती. ती का वापरली नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

नवी स्लीव्ह गनमेटलची केली: 88 भाग तांबं, 10 कथील, 2 जस्त. जस्त एवढं कमी असलं की अमोनियाने तडकायची भीती फारशी नाही. भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) 16.02, हाताने सरकेल असं. पकड टेपर पिनांची (एका टोकाला निमुळत्या खिळ्यांची), दोन्ही टोकांना एकेक, 90 अंशांच्या कोनात, म्हणजे दांडी एकाच रेषेत दोनदा भोसकली जात नाही. शेपटीचं वजन परत बसवलं, बोल्ट स्टेनलेसचे. झडपांना आतून जाळी.

कामाच्या जुन्या वहीत 1968 आणि 69 मध्ये आणखी तीन घड्याळांना अशाच स्लीव्ह बसवल्याची नोंद आहे. दोन मनोरे चढून पाहिले. एकीला चीर नाही. हातोडीने हलकं वाजवलं तर खणखणीत. दुसरी बद्द वाजली, ती उतरवून आणली आहे. तिसऱ्या मनोऱ्याची किल्ली कोणाकडे आहे ते तिथे कोणालाच ठाऊक नाही, आणि पाऊस सुरू झाला आहे.