आडोसा

दुपारी सहज खिडकीशी उभा राहिलो आणि क्षणभर वाटलं, अंगणात कुणीतरी आंघोळीसाठी आडोसा उभा केलाय. चार खुंट्या, भोवती गोणपाट, वर मोकळं आभाळ. मग आठवलं, आत आपलं बॉक्सवूडचं, म्हणजे बारीक पानांचं सदाहरित झुडूप आहे. हिवाळ्यातल्या ऊन-वाऱ्यापासून वाचवायला हे न्हाणीघर मीच बांधलंय.

गोणपाट पानांना टेकू द्यायचं नाही आणि वरून झाकायचं नाही, एवढं शिकायला मला एक झुडूप खर्ची घालावं लागलं. पहिल्या वर्षी प्रेमाच्या भरात मी त्याला प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलं होतं. ऊन पडलं की आत भट्टी, रात्र झाली की पुन्हा बर्फ. वसंतात सोडलं तेव्हा हातात तपकिरी चुरा आला.

पानझडीची झाडं शहाणी. थंडीची चाहूल लागली की पानं टाकतात आणि मोकळी होतात. सदाहरितांचा मात्र बाणा. पानं अंगावर ठेवायची म्हणजे ती पाणी मागणारच. हिवाळ्यातलं लख्ख ऊन आणि कोरडा वारा पानांतलं पाणी ओढत राहतात आणि खाली माती दगडासारखी गोठलेली. मुळांपाशी पाणी असून नसल्यासारखं. बिचारं झुडूप करपतं ते बहुतेकदा तहानेनं, आणि आपण म्हणतो थंडी बाधली.

लहानपणी मला ताप चढला की आई पांघरुणं घालायला सुरुवात करायची. आधी चादर, मग गोधडी, मग कपाटाच्या वरच्या फळीवरचं ते जडशीळ ब्लँकेट, ज्याला डांबरगोळ्यांचा वास यायचा. एकदा आतून मला पाणी हवं होतं. तांब्या दिसत होता, खिडकीच्या कट्ट्यावर, वर पेला उपडा घातलेला. घसा इतका सुकलेला की आवाज फुटेना, म्हणून मी नुसती चुळबुळ केली. आई म्हणाली, ‘हुडहुडी भरली गं बाई याला,’ आणि आणखी एक गोधडी आली. त्या गोधडीच्या कडेचा सुटलेला लाल दोरा मला अजून दिसतो. ओठांना चिकटत होता.

असो. माझ्याकडे एक ऱ्होडोडेंड्रॉनही आहे, तेही सदाहरित, फुलांचं झुडूप. त्याला मी काही बांधत नाही, कारण ते माझं थर्मामीटर आहे. पारा शून्याखाली उतरायला लागला की त्याची पानं खाली लोंबतात आणि कडा आत वळवून घेतात. थंडी वाढेल तशी गुंडाळी घट्ट होते, पार पेन्सिलीएवढी. सकाळी ती गुंडाळी बघूनच मी ठरवतो, कानटोपी घालायची की नाही. घरातले मोबाईल बघतात आणि मला हसतात. हसू देत.

बर्फ पडला की मात्र मी झाडू घेऊन धावतो. फांदीखाली झाडू घालून हलकेच वर उचलायचं, वरून बडवायचं नाही. फांद्यांवर बर्फाचं कवच धरलं असेल, तर हात खिशातच ठेवायचे, नाहीतर काडकन मोडतात. गंमत म्हणजे सगळा हिवाळा बर्फात पुरलेला झुडपाचा खालचा भाग वसंतात सर्वात टवटवीत निघतो. बर्फाची पातळी जिथवर होती तिथवर हिरवं, त्यावर तपकिरी. पट्टीनं रेघ मारावी तसं. आपण आडोसे बांधत बसतो आणि खरं पांघरूण आयतं वरून पडतं.

तर खिडकीतून बघत होतो आणि एकदम डोक्यात आलं, जमीन गोठायच्या आधी याला पोटभर पाणी घातलं होतं का? खुंट्या ठोकल्याचं आठवतं. तिसऱ्या खुंटीवर अंगठा चेचला होता, तेही आठवतं. मुळाशी पालापाचोळा पसरला, तो खोडाला चिकटू दिला नाही, सगळं नीट. पाण्याचं काही केल्या आठवेना. पाइप मागच्या भिंतीवर वेटोळं करून टांगलेला आहे. तो मी पाणी घालून टांगला की न घालताच, कोण सांगणार.

आता माती फावड्याला दाद देत नाही. वसंतात नखानं साल खरवडून बघेन, जीव आहे का.