सहा फुटी डिश आणि कलंडलेला खांब

जुलैतल्या तिसऱ्या रविवारी मी मानेत छत्री धरून बागेतल्या पाईपला ओळंबा लावत होतो. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "भिंत घालताय का हो?" मी नुसता हसलो. भिंत घातली असती तर बरं झालं असतं, ती एव्हाना उभी तरी राहिली असती.

नेरूळला आमचं रो-हाऊस आहे आणि मागे बारा बाय पंधरा फुटांची बाग. धंदा बंद केलेल्या एका केबलवाल्याकडून सहा फुटांची अखंड पत्र्याची सी बँड डिश मिळाली (सी बँड म्हणजे उपग्रहावरून टीव्ही येतो त्या लहरींचा एक पट्टा). 36 व्होल्टचा, अठरा इंची ॲक्च्युएटर, म्हणजे डिश फिरवणारा मोटरचा दांडा, मिळाला. सोसायटीचं पत्रही आठवड्यात हातात पडलं. या तिन्हींबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. छळलं ते खांबाने, आणि खांबापेक्षा त्याच्या खालच्या खड्ड्याने.

फिरत्या डिशचं काम थोडक्यात सांगतो. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतात. आपल्याकडून पाहिलं तर ते दक्षिणेच्या आकाशात कमानीसारखे मांडलेले दिसतात. डिशला त्या कमानीवरून सरकायचं असेल तर ती ज्या आसाभोवती फिरते तो पृथ्वीच्या आसाला समांतर हवा. नेरूळला हा आस आडव्यापासून साधारण 19 अंश वर येतो, आणि डिश त्यावर आणखी सव्वातीन अंश झुकवावी लागते. उपग्रह ओळखतात ते रेखांशावरून; हे एकदा नीट बसलं की 57 अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहापासून 105.5 वरच्यापर्यंत एकाच मोटरवर फिरता येतं.

आता माझी चूक. मे महिन्यात मिस्त्रींनी दीड फूट खोल, दीड फूट लांब-रुंद खड्डा घेतला. त्यात तीन इंची जीआय पाईप उभा केला आणि काँक्रीट ओतलं. मी म्हटलं, "मिस्त्री, थोडं खोल घेऊ या का?" ते म्हणाले, "साहेब, खाली मुरूम आहे. हत्ती बांधा." मुरूम होता हे खरं, पण वरवरचा भराव होता. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी खणलं की भरावाखाली काळा चिकट चिखल लागतो. शिवाय आमच्या खड्ड्याच्या दक्षिणेला दोन फुटांवर पावसाचं गटार आहे, तिकडची माती तर भुसभुशीतच. हे सगळं मला माहीत होतं. घाई होती, म्हणून मी गप्प बसलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं झकास चाललं. दूरदर्शनचा 93.5 लागला, 68.5 लागला, मी घरातल्यांना बोलावून दाखवलं. मग पाऊस सुरू झाला आणि दर आठवड्याला सिग्नल थोडा थोडा घसरायला लागला. मी रविवारी जाऊन उंचीचा बोल्ट दोन आटे फिरवायचो, सिग्नल परत यायचा, मी खूश. डिश लावणारा एक मुलगा येऊन म्हणाला, "सर, एलएनबी गेलाय." एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, बदलला. "सर, केबलमध्ये पाणी शिरलंय." केबल बदलली. "मग रिसीव्हरच बघा." या तीन वाक्यांत साडेतीन हजार गेले, आणि त्याने एकदाही पाईपकडे मान वळवली नाही. अर्थात मीही वळवली नव्हती. बोल्ट फिरवून फिरवून मी रोगच झाकत होतो.

शेवटी वैतागून ओळंबा काढला. जमिनीपासून मोजून एक मीटरवर पाईपला खूण केली, तिथून दोरी सोडली आणि खाली लंबक पाईपपासून किती सुटतो ते पट्टीने मोजलं. पहिल्या रविवारी दक्षिणेकडे 6 मिलिमीटर. दुसऱ्या रविवारी 15. त्या छत्रीच्या रविवारी 28. मीटरला साडेसतरा मिलिमीटर म्हणजे एक अंश, हे लक्षात ठेवा. सहा फुटी डिशची सी बँडवरची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. दीड अंश सरकली की सिग्नल निम्मा. आमचा खांब दीड अंशाच्या पुढे गेला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. पाईप सुरुवातीलाच थोडा वाकडा असेल तर डिश जुळवता येते, फक्त डोकेदुखी वाढते, कारण दिशा बदलली की उंचीही बदलते. पण पाईप रोज थोडा कलंडत असेल तर कितीही जुळवा, पुढच्या पावसात ते वाया.

मिस्त्रींना फोन केला. "पावसात बसतंच साहेब थोडं. दसऱ्यानंतर बघू." दसरा गेला, दिवाळी आली. चार महिने ती डिश आमच्या बागेत परातीसारखी उताणी पडून होती. अखंड पत्र्याची डिश मधल्या, म्हणजे सरळ दक्षिणेच्या, उपग्रहावर ठेवली की जवळपास 68 अंश वर बघते, म्हणजे आकाशाकडे तोंड करूनच बसते. खालच्या काठाशी पाणी साठतं. अळ्या झाल्या, तेव्हा बायकोने सांगितलं, "एक तर ती जाईल नाहीतर मी." सहा मिलिमीटरचं भोक पाडलं आणि दोन्ही टिकल्या. सी बँडच्या साडेसात सेंटिमीटरच्या लहरीला असल्या भोकाने काही फरक पडत नाही.

दुसऱ्यांदा मी मिस्त्रींना रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाशी नेऊन उभं केलं. त्याचं बूड बघा: जाड पत्र्याची पट्टी, काँक्रीटमधून वर आलेले चार बोल्ट, पट्टीच्या खाली एक नट आणि वर एक नट. तसंच करायचं ठरलं. चार फूट खणलं, तळाला पाझरलेलं पाणी बादल्यांनी उपसलं, तीन बाय तीन फुटांचं फुटिंग (तळाचा पाया) नऊ इंच जाड घातलं, त्यावर सळ्या-रिंगांसकट दीड फुटी चौकोनी खांब वर आणला. चार गोण्या सिमेंट लागलं. काँक्रीटचं वजनच साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि फुटिंगवरची माती वेगळी. पहिल्या वेळचा ठोकळा जेमतेम सव्वादोनशे किलोचा होता, आणि मुंबईसाठी वाऱ्याचा धरतात तो वेग सेकंदाला 44 मीटर. त्या वाऱ्यात एवढ्या डिशवर तीनशे किलोपेक्षा जास्त जोर येतो. वादळाची सूचना असेल तर डिश मधल्या उपग्रहावर आणून ठेवा, तिथे ती सर्वात आडवी असते.

आठवलं म्हणून लिहितो, बोल्ट काँक्रीटमध्ये सोडताना तीच पट्टी साचा म्हणून वर ठेवा, नाहीतर भोकं जुळणार नाहीत. सात दिवस गोणपाट ओला ठेवा. पाईपचं वरचं तोंड झाका.

आणि दक्षिण. लोखंडी पाईपशेजारी होकायंत्र धरू नका, ते पाईपकडेच बघतं. मी पहिल्या वेळी सूर्याच्या सावलीवरून रेघ मारायला गेलो आणि दुपारी 12:35 ला काठीला सावलीच नव्हती! मेच्या मध्यात आपल्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. वेड्यासारखा काठीभोवती फिरत होतो. अशा वेळी सकाळी 10:35 आणि दुपारी 2:35 च्या सावल्यांची टोकं जोडावीत, ती पूर्व-पश्चिम रेघ. नोव्हेंबरात मात्र सरळ 12:22 ची सावली घेतली, लांबलचक आणि स्वच्छ.

यंदा ऑगस्टअखेर ओळंबा सोडला: दीड मिलिमीटर. खालचा एक नट पाव फेरा फिरवला, शून्य. आता 105.5 तेवढा अडतोय. तो आग्नेयेला, क्षितिजापासून 47 अंश उंचीवर आहे आणि बरोब्बर त्याच जागी शेजारच्या काकांचा शेवगा वाढलाय. फांदी छाटू का विचारलं, तर काका म्हणाले, "शेंगा होऊन जाऊ देत."