साडेपाचचा चहा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक परमिट रूम होती. होती म्हणजे अजूनही आहे, पण मालकाच्या मुलाने हातात घेतल्यापासून ट्यूबलाइट गेल्या, पिवळे दिवे आले आणि मेन्यूत क्वार्टर-नाइंटीच्या वर 'सिग्नेचर कॉकटेल्स' असं एक पान आलं. पाटीवरचं 'परमिट रूम' मात्र त्याने पुसलं नाही, ते बरं केलं. (१९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, कागदोपत्री आजही लागतो, म्हणून ते नाव.)

हॅपी अवर चार ते सात. तीन तासांना अवर का म्हणायचं ते विचारू नका, एकावर एक फ्री असल्यावर कोण विचारतंय. शुक्रवारी घरूनच काम असलं की मी आणि बायको साडेपाचला लॅपटॉप मिटून निघतो. दिवसाउजेडी बारमध्ये शिरताना अजून एकदा मागे वळून बघितलं जातंच, सोसायटीतल्या काकू भाजी घेऊन येत असल्या तर काय घ्या.

ठेचा घातलेली पिकांते (टकिलाचं तिखट कॉकटेल) भारी आहे, कोकम आणि फेणीवालं पण चांगलं. पुरणपोळी मार्टिनी मात्र आम्ही दोन घोटांत बाजूला सारली, आणि एकावर एकमध्ये तीच परत येते हे तेव्हा लक्षात आलं. पुरणपोळी तुपाबरोबरच बरी बाबा.

पण खरी मजा 'कटिंग'ची. काचेच्या छोट्या ग्लासात पाण्यासारखं नितळ काहीतरी येतं आणि तोंडात घातलं की चक्क चहा, मागून आलं आणि रम. मी बारवाल्या पोराला विचारलं, रंग गेला कुठे? तो म्हणाला, दूध फाडतो दादा. रम, चहाचा अर्क, साखर, लिंबू असं सगळं एकत्र करून दुधात ओतायचं, दूध फाटतं, त्या चोथ्याला चहाचा रंग आणि तुरटपणा चिकटून बसतो, मग फडक्यातून गाळायचं. पहिली धार गढूळ येते, ती परत त्याच चोथ्यावर ओतायची. काउंटरमागे खरंच एक फडकं टांगलेलं होतं, थेंब थेंब गळत, आमच्याकडे पाडव्याच्या आदल्या रात्री चक्का टांगतात अगदी तसंच. म्हटलं हा नवीन शोध असेल, तर बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ मध्ये एका मित्राला पत्रातून असल्याच मिल्क पंचची कृती कळवली होती. आणि पंच हा शब्द आपल्या पाचवरून आला म्हणतात, दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला.

खायला मटकीच्या उसळीचे टाको मागवले, टाको म्हणजे थालीपीठच दुमडलेलं, पण कडा अशा कुरकुरीत की बायकोने माझ्या वाटणीचा पण उचलला. जुने मामा अजून तिथेच आहेत, आता काळा एप्रन घालतात, पण न मागता शेंगदाणे आणून ठेवायची सवय गेलेली नाही. सातला दहा कमी असताना येऊन हळूच म्हणतात, साहेब, शेवटची सांगताय का?

परवा रविवारी मी ते 'कटिंग' घरी करून बघितलं. घाईत दूधच वरून ओतलं, नको तेच केलं, तासभर गाळूनही सगळं गढूळच. प्यायलो तरी. फडकं धुऊन गुपचूप वाळत घातलं, आणि संध्याकाळी आई ते नाकाशी धरून विचारत होती, अरे, या चक्क्याच्या फडक्याला कसला रे वास येतोय?